गाभण मासोळी आणि ग्रहणाचं पाणी

आमच्या गावात म्हाताऱ्या बायका अजून एक गोष्ट सांगतात. पाटलांच्या ओसरीवर काचेच्या बरणीत एक गाभण मासोळी होती. ग्रहणाच्या दिवशी एका डाकिणीने नुसत्या नजरेने तिचं पोट रिकामं केलं, आतली पिलं खाल्ली, आणि तीच नजर पाटलांच्या गरोदर सुनेकडे वळणार तेवढ्यात लोकांनी तिला तापीपार हाकललं. गोष्टीत पाटलांचं नाव येतं, सुनेचंही येतं. डाकिणीचं नाव कुणी घेत नाही. तिचं नाव रुमली होतं. ती आमच्या अंगणात राबणारी बाई होती, डाकीण नव्हती. आणि मासोळीची पिलं कुणी खाल्ली नव्हती. ती मी मारली. त्या दिवशी मोरीपाशी दोनच माणसं होती, रुमली आणि मी. तिला गावाने हाकललं. म्हणून आता हे मला लिहिलंच पाहिजे.

प्रकाशा या तीर्थाच्या गावाच्या वरच्या अंगाला, तापीच्या काठी आमचं घर. वारा पश्चिमेचा असला की प्रकाशाच्या देवळांतली घंटा आमच्या अंगणात ऐकू येई, आणि नसला की केळीच्या मळ्यातल्या ऑइल इंजिनाची टुकटुक. घरात आम्ही गुजर लोक आमची गुजरी बोलत असू, अंगणात आणि शेतात अहिराणी. गुजरी वाचणाऱ्याला जड जाईल म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं अहिराणीतच लिहितो. सकाळी चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी पडायची, तिच्याबरोबर ठेचा आणि रात्रीची कढी. सणासुदीला फुणके. माय ते वाफवायला ठेवी तेव्हा डाळीचा आणि लसणीचा वास पार गोठ्यापर्यंत जाई आणि आबा, म्हणजे माझे वडील, गोष्टीतले पाटील, हिशेब सोडून आत येत. पण मी सांगतो आहे त्या वर्षी घरात जेवणाची तशी मौज नव्हती. मोठ्या भावाच्या बायकोला, भाभीला, दिवस गेले होते. त्याआधी दोन वेळा तिचं अर्ध्यातच गेलं होतं. या वेळी मायने घराला जणू धाक घातला होता. भाभीने तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभं राहायचं नाही, चिंचेखालून जायचं नाही. कितवा महिना, हे कुणी तोंडाने बोलायचं नाही. भांडं हातातून निसटून खणखणलं तरी माय छातीवर हात ठेवून भाभीकडे बघे. मी तेव्हा शहाद्याच्या हायस्कुलात जात होतो, विज्ञानाचं पुस्तक पाठ होतं माझं. तरी भाभी पायरी उतरताना मीही पुस्तक मिटून तिच्या पायांकडे बघायचो. भीती घरात असली की ती सगळ्यांना लागते, शिकलेल्याला वेगळी सूट नसते.

त्याच सुमारास डासवाले साहेब आमच्या ओसरीच्या खोलीत उतरले. नदीकाठी हिवताप फार, दर घरी कुणीतरी गोधडीत कुडकुडत पडलेलं असायचं, त्यासाठी सरकारने त्यांना धाडलं होतं. त्यांच्या माणसांनी भिंतींवर पांढरं औषध फवारलं, आणि साहेबांनी एका तांब्याच्या घागरीतून गप्पी मासे आणले. बोटाच्या पेराएवढे. ते विहिरीत सोडायचे, म्हणजे डासांच्या अळ्या खाऊन टाकतात. घागर बघून मायने पदर नाकाला लावला.

"मासा? मन्हा घरमा मासा?"

"घरमा कोठे शे, ओसरीवर शे," आबा म्हणाले. सरकारी माणसाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

साहेब कोकणातले. ते हसून म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. हे खायचे नव्हेत. खायचे असते तर वाटेतच संपवले असते मी. तुमच्या या भागात आल्यापासून डाळ खाऊन खाऊन माझंच वरण झालंय."

सगळे हसले, माय सोडून. पण तिने एक अट घालून मासे ठेवू दिले: उंबऱ्याच्या आत आणायचे नाहीत आणि स्वयंपाकाचं भांडं त्यांना लावायचं नाही. साहेबांनी आपल्याजवळची मोठी काचेची बरणी काढली. बाकीचे मासे विहिरीत गेले, एक गाभण मादी त्यांनी बरणीत ठेवली आणि तिला सांभाळायचं काम मला दिलं. पुढच्या गावांसाठी पिलं लागणार होती.

त्यांनी शिकवलेलं मला अजून आठवतं. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिलं देते. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला, शेपटीकडे, एक काळसर डाग असतो. दिवस भरत येतात तसा तो गडद होतो, आणि पोट गोल न राहता खालून चौकोनी दिसायला लागतं. वेळ जवळ आली की ती खाणं सोडते, कोपरा धरते, भराभरा कल्ले हलवते. तेव्हा बरणीला हात लावायचा नाही, हलवायची नाही. बरणीत भरपूर शेवाळ हवं, कारण पिलू बाहेर पडताच त्याला लपायला जागा लागते. आणि हे साहेबांनी आवाज उतरवून सांगितलं, "आईला नंतर लगेच वेगळी काढ. भूक लागली की ती आपलीच पोरं खाते." पाणी कधीही सगळं बदलायचं नाही. थोडं काढायचं, तेवढंच घालायचं, आणि घालायचं तेही आदल्या दिवशी भरून ओसरीवर ठेवलेलं. विहिरीचं ताजं गार पाणी एकदम घातलं तर मादी धक्क्याने मरते. खायला बाजरीचं पीठ, वस्त्रातून गाळलेलं, चिमटीत मावेल एवढं.

मादी पोरं खाते ही गोष्ट मी जेवताना बोलून गेलो. मायने भाकरी परातीतच टाकली. "गप! भाभीना समोर आसं बोलस? पुन्हा तोंडातून काढू नको." मी पुन्हा काढलं नाही. पुढे काढायला हवं होतं तेव्हाही नाही.

शेवाळ आणायची रुमली. ती सातपुड्यातली पावरा आदिवासी बाई, कापूस वेचायला टोळीबरोबर खाली आली होती. टोळी परत गेली, ती राहिली. नवरा वारला होता, मूल नव्हतं. आमच्याकडे शेण काढायची, अंगण झाडायची, गुरांचं पाणी बघायची, आणि गोठ्यामागच्या छपरात राहायची. नाल्यावर गेली की ओंजळभर हिरवं शेवाळ आणून बरणीत अलगद सोडायची आणि मग हात गुडघ्यांवर ठेवून कितीतरी वेळ बघत बसायची. भाभी उंबऱ्याच्या आत, रुमली उंबऱ्याच्या बाहेर, मध्ये बरणी. दोघींचं त्या मासोळीवरून जे बोलणं चाले ते मी अभ्यास करत असल्याचं सोंग घेऊन ऐकायचो.

"हाई आते कव्हय सुटी व?" भाभी विचारायची. सुटणं म्हणजे बाळंत होणं.

"दखा ना भाभी, डाग कसा काया पडना. आते जवळच शे."

"तिले भ्या वाटत व्हई का?"

"तिले काय भ्या? तिन्हा आंगवर सासू थोडीच शे," रुमली म्हणायची, आणि भाभी पदरात तोंड लपवून हसायची. त्या महिन्यांत भाभीला हसवणारं दुसरं कुणी घरात नव्हतं.

एकदा भाभी म्हणाली, "रुमली, हाई सुटी ना, ते मी बी सुटसू." रुमलीने बरणीतलं शेवाळ उगीच सारखं केलं. मी वहीतून मान वर केली नाही. पण त्या दिवसापासून बरणीकडे बघताना मला मासोळी दिसेना, भाभीच दिसू लागली. सकाळी उठून आधी मी बरणी बघायचो, आणि मासोळी हलेपर्यंत तिथून उठायचो नाही. साहेब तोवर पुढच्या गावांना फिरतीवर निघून गेले होते. विचारायला कुणी नव्हतं.

मग ते सूर्यग्रहण आलं. सकाळपासून मायने आणि फुईने, म्हणजे आबांच्या बहिणीने, घर ताब्यात घेतलं. पाण्यात, दुधात, लोणच्यात तुळशीची पानं पडली. भाभीला आतल्या काळोख्या खोलीत नेऊन पाटावर बसवलं. हात सरळ, पाय सरळ, काही चिरायचं नाही, सुई हातात घ्यायची नाही, खाजवायचंसुद्धा नाही. ग्रहणात गरोदर बाई जे करील ते पोटातल्या मुलाच्या अंगावर उमटतं, अशी समजूत. दिवसाढवळ्या अंगण राखेच्या रंगाचं झालं. कोंबड्या छपराखाली शिरल्या. मी ओसरीवर होतो. मासोळी कोपऱ्यात तळाशी गेली होती आणि कल्ले भराभर हलत होते. मी बरणीवर फडकं टाकलं, तिलाही ग्रहण दिसू नये म्हणून. आज हसू येतं. त्या वेळी मी फडक्याची टोकंही नीट खोचली.

ग्रहण सुटलं तसे सगळे तापीवर आंघोळीला निघाले. भाभीला माय आणि फुई दोन्ही बाजूंनी धरून नेत होत्या. जाता जाता माय मला म्हणाली, "मधू, आम्ही येवाना आगोदर घरनं बठ्ठं पानी फेकी दे. ग्रहणनं पानी ऱ्हावाले नको. थेंब बी नको."

मी हंडे, कळशा, रांजण, सगळं रिकामं केलं. रुमली अंगणात गुरांच्या पाण्याची डोणी उलटी करत होती. शेवटी बरणी राहिली. मायने बरणीचं नाव घेतलं नव्हतं. साहेबांचं सांगणं मला पाठ होतं, सगळं पाणी बदलायचं नाही. पण तेही ग्रहणाचं पाणी होतं, आणि भाभी रोज त्याच्याजवळ तोंड नेऊन बसायची. थेंब बी नको. मी विचार केला, आणि विचार भीतीच्याच बाजूने गेला. फडकं काढलं. घाईत मासोळी ओंजळीने तांब्यात घेतली, बरणी उचलली आणि शेवाळासकट सगळं पाणी मोरीत ओतलं.

रुमली ओरडली, "पिलं! भो, पिलं शेत!"

मी खाली बघितलं. मोरीच्या चिखलात, शेवाळाच्या गुंत्यात, काहीतरी उड्या मारत होतं. तांदळाच्या कणीएवढी शरीरं आणि त्यांना मोठे काळे डोळे. फडक्याखालच्या अंधारात ती केव्हाच बाळंत झाली होती. पिलं शेवाळात लपली होती, लपायला सांगितल्यासारखी. मी रिकामी बरणी धरून उभा होतो. रुमली चिखलात गुडघ्यांवर बसून शेवाळ उलगडत होती, तळव्यावर पिलं घेण्याचा प्रयत्न करत होती, आणि ती तिच्या बोटांतून चिखलात मिसळत होती. मोरीचं पाणी उताराने वाहून गेलं आणि पिलं हलायची थांबली.

"कोन्हाले सांगू नको," मी म्हणालो.

रुमलीने माझ्याकडे बघितलं. "नही सांगस भो," ती म्हणाली. तेवढंच.

मी विहिरीवरून ताजं पाणी आणून बरणीत ओतलं आणि मासोळी त्यात सोडली. ती चुकी तर त्याहून मोठी होती. पण तेव्हा मला एकच कळत होतं, बरणी भरलेली दिसली पाहिजे.

बायका ओल्या लुगड्यांनी परतल्या. भाभी थेट बरणीपाशी आली. मासोळी पाण्याच्या वरच्या थरात तोंड वर करून धापा टाकत होती. पोट आत गेलेलं, काळा डाग नाही.

"सुटनी!" भाभीचा चेहरा उजळला. मग तिने बरणीभोवती मान फिरवली. "मधूभाऊ, पोरं कोठे शेत?"

मी हंडे पालथे घालू लागलो. फुई पुढे आली. तिने बरणी निरखली, मग अंगण, आणि मग रुमली. रुमलीचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते आणि बोटांना शेवाळ चिकटलेलं होतं.

"पोट खाली शे, आन पोर एक बी नही," फुई हळूच म्हणाली. तिचं हळू बोलणं मला ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. "आम्ही नदीवर व्हतो तव्हय आठे कोन व्हतं?"

"मधू व्हता. आन ही," माय म्हणाली.

"हिले पोर नही, नवरा नही. रोज याच बरनीना मव्हरे बठस. आन तिन्हा मव्हरे कोन बठस?" फुईने भाभीकडे बोट केलं नाही, पण सगळ्यांनी भाभीकडे बघितलं. भाभीने दोन्ही हातांनी पोट धरलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

रुमलीला काय चाललंय ते कळलं. सातपुड्यातल्या माणसाला ते शेवटपर्यंत सांगावं लागत नाही. तिकडे डाकीण या एका शब्दावरून बायकांचं काय होतं ते ती बघून आली होती. ती माझ्याकडे वळली. "भो, तू सांग. तू सांग ना."

तिने दिलेला शब्द मोडला नाही. मी काय केलं ते ती बोलली नाही. मीच बोलावं एवढंच तिला हवं होतं. आणि मला बोलण्याच्या कितीतरी वाटा होत्या. पाणी मी ओतलं, हे एक. ते जमत नव्हतं तर मासोळी आपली पोरं स्वतःच खाते, साहेबांनीच सांगितलंय, हे तरी. ते खोटं असतं, पण रुमली वाचली असती. पण भाभी भिंतीशी कण्हत होती, मायची बंदी होती, आणि माझ्या ओतलेल्या पाण्यानेच भाभीचं काही होणार ही भीती होती.

"माले म्हाईत नही," मी म्हणालो.

फुईने मीठ आणि सुक्या मिरच्या आणल्या. आमच्याकडे दृष्ट अशीच काढतात. भाभीवरून ओवाळून त्या निखाऱ्यावर टाकतात. ठसका लागला तर दृष्ट नव्हती, आणि मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर नजर मोठी. शेगडी माझ्याजवळ ठेवली. मिरच्या काळ्या झाल्या. धूर सरळ माझ्या नाकात आला आणि छाती आतून सोलून निघाली. डोळ्यांतून पाणी आलं ते मी खाली मान घालून लपवलं. दात दाबून धरले. खोकला गिळला.

"ठसका उना का रे मधू?" फुईने विचारलं.

मी मान हलवली. नाही. मग मायही ‘नाही’ म्हणाली, आणि भाभीही. त्यांनीही गिळला होता की त्यांना खरंच आला नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मी मात्र शेगडीशी सर्वांत जवळ बसलो होतो, आणि पहिल्यांदा मीच सांगितलं.

आबा आले तोपर्यंत दाराशी गल्लीतली पोरं जमली होती, काहींच्या हातात काठ्या. आबांचा डाकिणीवर फारसा विश्वास नव्हता, पण त्यांनी भाभीकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि रुमलीला म्हणाले, "बाई, तू जाय. आते लगेच जाय. आठे ऱ्हायनी ते मी काही करी शकाव नही." तो निवाडा नव्हता, तिला जिवंत बाहेर काढण्याची धडपड होती असं मी पुढे स्वतःला समजावत राहिलो. तिने छपरातून एक गाठोडं उचललं आणि तापीच्या घाटाची वाट धरली. पोरं मागे गेली. कुणी दगड मारले. मी वाड्याच्या भिंतीआडून ऐकत होतो. ती ओरडली असती तर मला ऐकू आलं असतं. ती ओरडली नाही. दुसऱ्या सकाळी मासोळी बरणीत आडवी तरंगत होती. मी ती मोरीपाशीच पुरली आणि बरणी धुऊन साहेबांच्या खोलीत ठेवली.

पुढे कळलं की ती रनाळ्याकडे मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला लागली होती, पण आमच्या गावचं कुणी तिथे गेलं आणि तो शब्द तिथेही पोहोचला. तिथूनही तिला जावं लागलं. त्यानंतर मला माहीत नाही. मी कधी डोंगरात जाऊन विचारलं नाही. डोंगरातल्या धडगावची बस शहाद्याहून सुटायची, आणि त्या स्टँडवर मी आयुष्यभर उभा राहिलो आहे, दुसऱ्या बसची वाट बघत.

भाभीचं बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा झाला. घरात गूळ वाटला, फुणके झाले, आबा पुन्हा हसू लागले. आणि तेच रुमलीविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा ठरलं: ती गेली म्हणून पोर वाचलं. मी ठरवलं होतं की भाभीला एकदा मोकळी होऊ दे, मग सांगेन. ती मोकळी झाली, आणि मग सांगणं म्हणजे तिच्या मुलाच्या जगण्याचं कारण हिरावून घेणं होतं. मी पाळण्याची दोरी ओढत राहिलो.

तो मुलगा, माझा पुतण्या सुरेश, आता स्वतः आजोबा व्हायच्या घाईत आहे. त्याच्या सुनेला दिवस गेले आहेत. गेल्या महिन्यात मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, मंग मी वाचनू कसा?"

"जसा बठ्ठा वाचतस तसा," मी म्हणालो.

त्याने उठून आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं, जिथे त्याची सून झोपली होती. मग जवळ बसून, आवाज खाली करून म्हणाला, "तुमी लिखा, मी नही म्हनत नही. पन आते नको. पोरीनं बायतपन व्हई जाऊ द्या, मंग लिखा."

मी हो म्हणालो नाही. घरी आलो आणि त्याच दुपारी लिहायला बसलो. त्याच्या सुनेचं बाळंतपण अजून व्हायचं आहे.